डोकी मोजून शाळा चालत नाही

शाळेला किती पैसे यायचे, मास्तर किती यायचे, खिचडीला डाळ किती यायची, हे सगळं एका आकड्यावर ठरतं. त्या आकड्याला पटसंख्या म्हणतात. ३० सप्टेंबरला हजेरीपटावर जेवढी नावं, तेवढाच त्या शाळेचा जीव. आपल्या पाड्यांवर गेली काही वर्षं जे चाललं आहे, कुठे दोन मास्तरांचा एक झाला, कुठे "तुमची शाळा खालच्या गावाला जोडणार" असा निरोप आला, कुठे खोलीचं छप्पर तीन पावसाळे गळतंय, त्या सगळ्याचं मूळ या हिशोबात आहे.

जमिनीच्या लढ्यात आपण सातबारा वाचायला शिकलो. वनहक्काच्या दाव्याला नकाशा कसा जोडायचा, पुरावा कसा लावायचा, हे आपल्यातल्या न शिकलेल्या म्हाताऱ्यांनीही शिकून घेतलं. साहेब काय बोलतो ते कागदावर पडताळायची सवय आपल्याला लागली. शाळेच्या बाबतीत मात्र अजून आपण साहेबाच्या तोंडाकडेच बघतो. "वरून पैसे नाहीत," "पट कमी आहे," "नियमात बसत नाही," असं म्हटलं की आपण उठून घरी येतो. तो नियम काय आहे, कुणी केला, त्यात काय बसतं आणि काय मुद्दाम बाहेर ठेवलं आहे, हे या वेळी आम्ही मांडतो आहोत. वाचता न येणाऱ्यांना गावसभेत मोठ्याने वाचून दाखवा.

पैसा कसा मोजतात

सरकार शाळेचा पैसा तीन तऱ्हेने मोजतं.

पहिली तऱ्हा म्हणजे शाळेमागे. समग्र शिक्षा योजनेतून शाळेला वर्षाला संयुक्त अनुदान येतं. ३० पर्यंत पट असेल तर १०,००० रुपये, १०० पर्यंत २५,०००, २५० पर्यंत ५०,०००, हजारपर्यंत ७५,००० आणि त्यापुढे एक लाख. यातच खडू, रजिस्टर, वीजबिल, हातपंपाची दुरुस्ती, खेळाचं सामान, आणि किमान दहावा हिस्सा स्वच्छतेवर. केंद्राने ६० पैसे द्यायचे आणि राज्याने ४०, असा या योजनेचा रुपया आहे.

दुसरी तऱ्हा म्हणजे डोक्यामागे. गणवेशाला मुलामागे वर्षाला ६०० रुपये. पोषण आहाराला पहिली ते पाचवीच्या मुलाला दिवसाला १०० ग्रॅम धान्य आणि शिजवायच्या सामानाला १ मे २०२५ पासून ६ रुपये ७८ पैसे, सहावी ते आठवीला १५० ग्रॅम आणि १० रुपये १७ पैसे. यात डाळ, तेल, मीठ-मसाला, भाजी, जळण सगळं आलं.

तिसरी तऱ्हा म्हणजे मास्तर. शाळेवरचा सगळ्यात मोठा खर्च हाच. किती मास्तर द्यायचे हे दरवर्षी संचमान्यतेत ठरतं आणि संचमान्यता पटावर ठरते.

आता एक पाडा धरा. बारा पोरं, पहिली ते चौथी. शाळेला वर्षाचे १०,००० रुपये. साहेब तुम्हाला गणित करून दाखवील: "बारा पोरांना दहा हजार, म्हणजे पोरामागे ८३३ रुपये. मोठ्या गावच्या हजार पोरांच्या शाळेला ७५,०००, म्हणजे पोरामागे ७५ रुपये. सांगा, जास्त कुणाला मिळतं?" गणित बरोबर आहे. पण पोरं बारा आहेत म्हणून छप्पर लहान होत नाही. बारा पोरांनाही फळा एकच लागतो, संडास एकच लागतो, हातपंप बिघडला तर मेकॅनिक तेवढेच पैसे घेतो, आणि तालुक्याहून सिमेंटची गोणी डोंगरावर आणायला भाडं बाजारच्या गावापेक्षा जास्तच पडतं. शाळा चालवायचा जो मूळ खर्च असतो तो डोक्यांवर ठरत नाही, शाळा उभी आहे यावर ठरतो.

खिचडीचं बघा. बारा पोरांचे दिवसाचे ८१ रुपये ३६ पैसे. दोनशे पोरांच्या शाळेत घाऊक भावाने माल येतो, एका चुलीवर सगळ्यांचं शिजतं. बारा पोरांसाठी चूल तेवढीच पेटवावी लागते आणि भाजी किरकोळ भावाने घ्यावी लागते. शिजवणाऱ्या बाईला महिन्याचे २,५०० रुपये मिळतात. ती लाकूडफाटा आणते, पाणी आणते, भांडी घासते. सरकारच्या कागदावर तिला मजुरी म्हणत नाहीत, मानधन म्हणतात.

मास्तराचा आकडा

सगळ्यात मोठा घाव इथे बसतो. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या अनुसूचीत सरळ लिहिलं आहे: पहिली ते पाचवीत ६० पर्यंत मुलं असतील तर दोन शिक्षक. "वीस असतील तर एक" असं त्यात कुठेही नाही. पाच मुलं असली तरी दोन.

राज्याने १५ मार्च २०२४ ला संचमान्यतेचे नवे निकष काढले. त्यात २० पर्यंत पटाच्या शाळेला नियमित शिक्षक एक धरला आणि दुसरा सेवानिवृत्तांमधून घ्यायची सोय ठेवली. कायद्याने दोन दिले आणि निकषाने त्यातला एक पेन्शनीत काढला. डोंगरावरच्या पाड्याला पेन्शनर मास्तर चढून येईल का, आला तर किती दिवस टिकेल, हे विचारायची गरज निकष काढणाऱ्याला पडली नाही.

एकशिक्षकी शाळा म्हणजे काय ते आपल्या पोरांना ठाऊक आहे. मास्तर एक, वर्ग चार. तो पहिलीला अक्षर गिरवायला लावतो तेव्हा चौथी भिंतीकडे बघते. केंद्रात बैठक असली की शाळा बंद, ऑनलाइन माहिती भरायची असली की शाळा बंद, कारण रेंजसाठी त्याला खाली उतरावं लागतं. मतदारयाद्यांचं काम आलं की शाळा बंद. मास्तर आजारी पडला की शाळा बंद. कायदा म्हणतो पहिली ते पाचवी वर्षाला किमान २०० दिवस शाळा भरली पाहिजे. एका मास्तरावर हे दिवस भरत नाहीत. मग पोरं मागे राहतात, आईबाप म्हणतात "इथे शिकवत नाहीत," पोराला आश्रमशाळेत घालतात. पट घटतो. पट घटला म्हणून शाळा मोडतात. आधी मास्तर काढून घ्यायचा आणि मग पोरं का नाहीत म्हणून विचारायचं, असा हा फास आहे.

शाळा जोडायची म्हणजे काय

२०१७ च्या डिसेंबरात दहापेक्षा कमी पटाच्या १,३१४ शाळा बंद करायचा निर्णय आला. २०२३ च्या सप्टेंबरात 'समूह शाळा' हे नवं नाव आलं. वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून एक मोठी शाळा करायची. त्यासाठी तोरणमाळ आणि पानशेतचे नमुने दाखवले. त्या वेळी शिक्षण खात्याच्याच हिशोबाने अशा शाळा होत्या १४,७८३, त्यांत मुलं १,८५,४६७ आणि शिक्षक २९,७०७.

या आकड्यांकडे नीट बघा. भागाकार केला तर शाळेमागे साडेबारा मुलं आणि दोन शिक्षक पडतात. म्हणजे कायद्यात सांगितलेलं प्रमाण तेव्हा सरासरीने तरी पुरं होत होतं. साहेबांना हा उधळपट्टीचा आकडा दिसला. आम्हाला तो दोन लाखांच्या जवळ पोचलेला पोरांचा आकडा दिसतो. ही पोरं घाटमाथ्यावर, दऱ्यांत, धरणाच्या पाण्यापलीकडे, जंगलात राहतात. त्यांचे पाडे लहान आहेत ते सरकारला त्रास द्यायला नाहीत. डोंगरात वस्ती लहानच असते. जेवढी शेताची पट्टी, जेवढं झऱ्याचं पाणी, तेवढी घरं.

मोठ्या शाळेत प्रयोगशाळा असते, ग्रंथालय असतं, वर्गाला एक मास्तर असतो, हे आम्ही नाकारत नाही. वरच्या वर्गांना ते हवंच. पण सहा वर्षांच्या पोरीला त्यासाठी चार किलोमीटर चालवायचं का? राज्याच्या नियमांप्रमाणे पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत हवी. केंद्राच्या २०१० च्या नमुना नियमांत तर असंही म्हटलं आहे की जिथे वाट अवघड आहे, दरड कोसळते, पूर येतो, तिथे धोका टाळण्यासाठी हे अंतर आणखी कमी धरावं. नकाशावर फूटपट्टी ठेवून एक किलोमीटर मोजलं जातं. मधला ओढा आषाढात किती फुगतो ते फूटपट्टीला कळत नाही.

"गाडीचं भाडं देऊ," असं सांगतात. समग्र शिक्षेत प्रवासाला मुलामागे वर्षाला ६,००० रुपयांपर्यंत तरतूद आहे. २०० दिवसांनी भागा, दिवसाला तीस रुपये. रस्ता असेल तर गाडी, आणि गाडी असेल तर भाडं. ज्या पाड्यावर बाळंतिणीला झोळीत घालून खाली न्यावं लागतं तिथे शाळेची गाडी कुठून येणार?

शाळा खाली गेली की आधी कोण घरी बसतं? पोरगी बसते. मग धाकट्या भावंडाला सांभाळणारं पोर बसतं. मग ज्याच्या पायात जोर नाही ते बसतं. या तिघांचा खर्च कुणाच्याही वहीत लिहिला जात नाही. म्हणून शाळा मोडली की कागदावर 'बचत' दिसते.

जास्त गरज कुणाला, हे कोण मोजतं?

आता मुद्द्याचं. सगळ्यांना डोक्यामागे सारखे पैसे, हे ऐकायला न्यायाचं वाटतं. पण सगळी पोरं सारख्या जागेवरून शाळेत येत नाहीत.

मेळघाटातलं पोर घरात कोरकू बोलतं. भामरागडचं माडिया बोलतं. सातपुड्यातलं भिलोरी किंवा पावरी बोलतं, डहाणू-जव्हारकडचं वारली बोलतं. पहिल्या दिवशी त्याला पुस्तक मिळतं मराठीत. शहरातल्या पोराला अक्षर शिकायचं असतं, आपल्या पोराला अक्षर आणि भाषा दोन्ही शिकायची असतात. शिक्षण हक्क कायद्याचं कलम २९ सांगतं की शिकवण्याचं माध्यम शक्य तिथवर मुलाची मातृभाषा असावी. त्यासाठी त्या भाषेचा मास्तर हवा, पुस्तक हवं, म्हणजे जादा पैसा हवा. पटाच्या हिशोबात पोराची भाषा धरतच नाहीत.

दिवाळी झाली की अर्धा पाडा वीटभट्टीवर, ऊसतोडीवर, नाहीतर रेतीच्या कामावर जातो. पोरं बरोबर जातात. होळीला परत येतात तेव्हा वर्ग पुढे गेलेला असतो. त्यांच्यासाठी हंगामी वसतिगृहाची सोय आहे, शिक्षण हमी पत्रकही आहे, म्हणजे पोर जिथे जाईल तिथल्या शाळेत ते दाखवून बसू शकतं. पण हंगामी वसतिगृह हंगाम सुरू व्हायच्या आधी उघडलं तरच उपयोग. आईबाप ट्रकमध्ये बसल्यावर मंजुरी आली तर ती कुणाच्या कामाची?

अपंग मुलामागे समग्र शिक्षेत वर्षाला ३,५०० रुपये धरले आहेत आणि अपंग मुलींना दहा महिने २०० रुपये भत्ता आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने अशा मुलाला सहा ते अठरा वर्षं मोफत शिक्षणाचा हक्क दिला. पण आधी दाखला पाहिजे. दाखल्यासाठी मोठ्या सरकारी दवाखान्यात जायचं, एकदा नाही तर दोन-तीनदा. बापाची तेवढ्या दिवसांची मजुरी बुडते. दाखला नाही तर ते पोर मोजणीत नाही आणि मोजणीत नाही तर पैसा नाही.

यात आता आधारचीही भर पडली आहे. ज्याचं आधार पडताळलं गेलं त्यालाच संचमान्यतेत धरायचं, अशी रीत आली. पोर रोज वर्गात बसतं, खिचडी खातं, पाढे म्हणतं. पण जन्माची नोंद घरीच राहिली, किंवा आधारवर नाव एक आणि शाळेत दुसरं, म्हणून मास्तर मोजताना ते पोर नाहीच. अशी दोन-तीन पोरं गळली तर शाळा खालच्या रकान्यात घसरू शकते. कायद्याचं कलम १४ म्हणतं की वयाच्या पुराव्याअभावी मुलाला प्रवेश नाकारता येणार नाही. प्रवेश नाकारत नाहीत हे खरं. प्रवेश देतात आणि मोजत नाहीत.

दुसरीकडे असं करतात

गरज मोजून पैसा देता येतो का? येतो. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्याने २०१३ साली शाळांच्या पैशाचं सूत्र बदललं. तिथे प्रत्येक मुलामागे एक मूळ रक्कम धरतात. मूल गरीब घरचं असेल, दुसऱ्याच्या घरी वाढत असेल, किंवा त्याची घरची भाषा शाळेच्या भाषेहून वेगळी असेल, तर त्या मुलामागे मूळ रकमेच्या वीस टक्के जादा. आणि ज्या भागातल्या शाळांत अशी मुलं ५५ टक्क्यांहून जास्त असतील, तिथे त्या जादा मुलांमागे आणखी वेगळी रक्कम. म्हणजे गरिबी जिथे दाटून आहे तिथे पैसाही दाट जातो. तो कसा खर्चायचा याचा आराखडा पालकांना विचारून करावा लागतो.

तो देश श्रीमंत आहे, आणि तिथेही सगळं सरळ चालत नाही. जादा पैसा खरंच त्याच मुलांवर खर्च होतो की नाही हे दिसत नाही, असा ठपका त्या राज्याच्याच लेखापरीक्षकाने २०१९ साली ठेवला. त्यातून आपण दोन गोष्टी घ्याव्यात. गरजेला वजन देणारं सूत्र लिहिता येतं, ही एक. आणि सूत्र लिहून भागत नाही, पैसा पोरापर्यंत पोचला का ते गावाने बघावं लागतं, ही दुसरी.

आपल्याकडे असं सूत्र नाहीच असंही नाही. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात आदिवासी १ कोटी ५ लाखांच्या वर, म्हणजे ९.३५ टक्के. लोकसंख्येच्या प्रमाणात योजनेचा पैसा आदिवासींसाठी वेगळा काढावा, हे तत्त्व सुकथनकर समितीनंतर १९९३ च्या सुमारास राज्याने मान्य केलं. तो पैसा वेगळा निघतो. त्यातून आश्रमशाळा चालतात, वसतिगृहं चालतात. त्यातूनच आदिवासी मुलांना नामांकित इंग्रजी निवासी शाळांत घालायची योजना आहे, आणि त्या शाळांना मुलामागे वर्षाला ५० ते ७० हजारांपर्यंत फी दिली जाते.

जे आईबाप पोराला तिथे घालतात त्यांना आम्ही दोष देत नाही. पाड्यावर मास्तर नसेल तर आईबाप काय करणार? आमचा सवाल सरकारला आहे. गावाबाहेर नेलेल्या एका पोरामागे जे सरकार ५० हजार मोजू शकतं, तेच सरकार गावात राहिलेल्या बारा पोरांच्या शाळेला वर्षाचे १० हजार देताना हात आखडता का घेतं? साहेब म्हणेल, मास्तराचा पगार धरा. धरतो. बारा पोरांचे ५० हजारांप्रमाणे ६ लाख होतात, ते पण धरा. मग दोन्ही वह्या समोरासमोर ठेवू आणि गावसभेत वाचू. सहा वर्षांच्या लेकराने आईजवळ निजावं आणि सकाळी शाळेत जावं, याचीही किंमत त्या वहीत एका रकान्यात लिहा.

शाळा आणि जमीन

कुणी म्हणेल, संघटना जमिनीची आहे, शाळेचं कशाला काढलं? वनगावातल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. गाव महसुली नाही म्हणून शाळेला जागा नाही, जागा नाही म्हणून इमारत नाही, इमारत नाही म्हणून पोरं झाडाखाली किंवा कुणाच्या पडवीत. वनखातं म्हणतं जंगलाची जमीन आहे, शिक्षण खातं म्हणतं वनखात्याचं ना-हरकत आणा.

याचं उत्तर वनहक्क कायद्यातच आहे. २००६ च्या या कायद्याच्या कलम ३(२) मध्ये शाळा, अंगणवाडी, दवाखाना, पिण्याचं पाणी, रस्ता अशा तेरा सोयींसाठी वनजमीन देता येते. अट अशी की प्रत्येक कामाला एक हेक्टरपेक्षा कमी जमीन, हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं तुटता कामा नयेत, आणि ग्रामसभेची शिफारस हवी. आणि कलम ३(१)(ज) मध्ये वनगावाचं महसुली गाव करून घ्यायचा हक्क आहे. ज्या गावांनी वैयक्तिक पट्ट्याचे दावे टाकले पण हे दावे टाकले नाहीत, त्यांनी आता टाकावेत.

शाळा मोडणं आणि गाव मोडणं यांत फार अंतर नाही. शाळा गेली की तरुण जोडपी पोरांमागे खाली जातात. घरं कमी झाली की अंगणवाडी, मग रेशन. मग एक दिवस कुणीतरी म्हणतं, इथे राहतंच कोण? जंगलावरचा आपला हक्क आपण तिथे राहतो म्हणून आहे. शाळा आपल्याला तिथे राहू देते.

काय करायचं

पेसा कायद्याच्या कलम ४(ड) मध्ये सामाजिक क्षेत्रातल्या संस्था आणि तिथले कर्मचारी यांच्यावर देखरेखीचा अधिकार ग्रामसभा आणि पंचायतीला आहे. शाळा ही अशीच संस्था. तेव्हा पुढची कामं गावसभेची आहेत, शाळेतल्या बाईंची किंवा गुरुजींची नाहीत. मास्तर आपला शत्रू नाही. पट घटला की त्याचीही बदली होते.

एक. ३० सप्टेंबरच्या आधी गावसभेने आपली मोजणी करावी. पाड्यातलं सहा ते चौदाचं प्रत्येक पोर वहीत लिहा: नाव, घरची भाषा, शाळेची वाट किती आणि मधे ओढा आहे का, आईबाप स्थलांतर करतात का, अपंगत्व आहे का, आधार आहे का. ज्यांचं आधार नाही त्यांची यादी देऊन गावातच शिबिर मागा. ही वही केंद्रप्रमुखाला द्या आणि पोच घ्या.

दोन. शाळा व्यवस्थापन समितीत पाऊण हिस्सा पालक आणि एकूणात निम्म्या बाया असल्या पाहिजेत, असं कलम २१ सांगतं. घरी बसून रजिस्टरवर अंगठा देऊ नका. समितीने शाळा विकास आराखडा करायचा असतो, आणि कलम २२ प्रमाणे सरकारच्या अनुदानाचा पाया तोच आराखडा आहे. आर्थिक वर्ष संपायच्या तीन महिने आधी तो द्यायचा, म्हणजे डिसेंबर अखेर. वहीतल्या गरजा त्यात उतरवा. भाषा येणारा मास्तर, हंगामी वसतिगृह, ओढ्यावर साकव, दुसरी खोली, सगळं लिहा.

तीन. शाळा बंद करायचा किंवा जोडायचा कागद आला तर ग्रामसभा बोलवा आणि ठराव करा. तोंडी 'हो' म्हणू नका. कलम ३२ प्रमाणे मुलाच्या हक्काची तक्रार स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी करता येते, तिचा निकाल तीन महिन्यांत लागला पाहिजे, आणि पटला नाही तर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येतं.

चार. शाळेला वर्षात किती पैसे आले आणि कशावर गेले हे शाळेच्या भिंतीवर लिहायला सांगा. सांगितलं नाही तर माहिती अधिकारात अर्ज टाका, तीस दिवसांत उत्तर आलं पाहिजे.

पाच. पेसा गावांना २०१५ पासून आदिवासी उपयोजनेतला पाच टक्के अबंध निधी थेट येतो, आणि शिक्षण हे त्याच्या खर्चाच्या बाबींपैकी एक आहे. तो वापरा, पण सांभाळून. शाळेचं छप्पर, मास्तर, संडास ही सरकारची जबाबदारी आहे. ती आपल्या पाच टक्क्यांतून भागवायला कुणी सांगितलं तर नाही म्हणा. आपला पैसा आपल्या भाषेच्या पुस्तकांना, संध्याकाळच्या अभ्यासाच्या दिव्याला, पोरांच्या खेळाला लावा.

आमच्या मागण्या

पट कितीही असो, प्रत्येक प्राथमिक शाळेला दोन कायम शिक्षक, त्यातला एक तिथली भाषा जाणणारा. शाळेच्या अनुदानाचे दोन भाग: शाळा उभी ठेवायचा मूळ खर्च सगळ्यांना पुरेसा, आणि त्यावर वेगळी भाषा, स्थलांतर, अपंगत्व, दुर्गम वाट यांना जादा वजन. संचमान्यतेला वर्गात बसणारं पोर मोजावं, यंत्रात जुळणारं नव्हे. हंगामी वसतिगृहं दिवाळीच्या आधी उघडावीत. ग्रामसभेच्या ठरावाशिवाय एकही शाळा बंद करू नये किंवा जोडू नये. वनगावांत कलम ३(२) खाली शाळेला जागा लगेच द्यावी.

यातली एकही मागणी भिकेची नाही. दोन शिक्षक कायद्यात आहेत, अंतर नियमात आहे, जागा वनहक्कात आहे. २००२ च्या घटनादुरुस्तीने शिक्षण हा मूलभूत हक्क झाला. हक्काला पटाची अट नसते. नवी मागणी फक्त एक आहे, गरजेला वजन द्या ही, आणि ती मान्य होईपर्यंत आपण ती प्रत्येक ग्रामसभेच्या ठरावात लिहीत राहू.

पुढच्या महिन्याच्या बैठकीला प्रत्येक गावाने आपली वही घेऊन यावं. सगळ्या गावांच्या वह्या एकत्र करून प्रकल्प कार्यालय आणि जिल्हा परिषद दोन्हीकडे न्यायच्या आहेत. तिथे साहेब विचारील, पट किती? आपण सांगू, पोरं किती आणि त्यांना काय लागतं.

जोहार!